मराठी भयकथा : वेशीपासून उंबरठ्यापर्यंत

गेल्या चार-पाच महिन्यांत जी पुस्तके मी वाचली ती बहुतेक सारी एकाच कपाटातील होती. बंगळुरात आम्हां नोकरीपेशाच्या मराठी मंडळींना ज्या लहानशा ग्रंथसंग्रहाचा आधार आहे तेथे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक अशा चिठ्ठ्या लावलेली कपाटे असून, अगदी शेवटी, खिडकीच्या आड, 'इतर' अशी चिठ्ठी असलेले एक कपाट आहे. त्यात पाकशास्त्र, हस्तसामुद्रिक, जुने दिवाळी अंक, आणि यांच्या शेजारी नारायण धारपांच्या कादंबऱ्या. जी. ए. कुलकर्णींचे 'रमलखुणा' मात्र 'कथा' या कपाटात, काचेच्या दाराआड. ही मांडणी कोणी केली हे मी विचारले नाही. विचारून उपयोगही नव्हता. कारण ती त्या बिचाऱ्या मानसेवी ग्रंथपालाची नव्हेच, मराठी समीक्षेने शतकभर जी वाटणी करून ठेवली तिचीच ती नक्कल होती.

भयकथेला 'इतर' म्हणून वेगळे काढण्यात आपण न्याय केला काय, असा प्रश्न त्या कपाटासमोर उभे असताना मनात आला, आणि त्याच्या पाठीमागे लागून मी थोडे मागचेही वाचीत गेलो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. मी या विषयाचा अभ्यासक नव्हे. कचेरीतून घरी आल्यावर दिव्याखाली वाचणारा एक वाचक आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी माझ्या मतांचे वजन करावे.

पहिली गोष्ट ही की, मराठी मुद्रित गद्याच्या पहिल्या पिढीतच वेताळ हजर आहे. मराठीतील आरंभीची कथापुस्तके महाराष्ट्राबाहेर छापली गेली, हे आपणां बाहेर राहणाऱ्यांस सुखावणारे आहे. १८१४ साली बंगालातील श्रीरामपूर येथे वैजनाथ शर्मा यांची 'सिंहासनबत्तिशी' मोडी अक्षरांत निघाली. पुढे १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' आली. 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही मुलांसाठी लिहिणाऱ्या याच छत्र्यांनी स्मशानातल्या झाडावर लटकणारे प्रेत, त्यात शिरलेला वेताळ आणि ते धूड खांद्यावर घेऊन निमूट चालणारा विक्रमराजा मराठी वाचकांच्या घरी आणून सोडला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मूळ कथा अकराव्या शतकातील काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहेत. परंतु वेताळ मराठी माणसाला पुस्तकातून कळावा लागला नव्हता. गोव्यात आमोणे आणि लोलये येथे तो देव म्हणून पुजला जातो. पुण्यात त्याची टेकडी आहे, आणि आजच्या गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ हेच नाव होते. ज्या भाषेत एका पेठेचा पत्ता वेताळाच्या नावाने सांगितला जात असे, त्या भाषेने त्याला वाङ्मयातून हद्दपार करावे, हे मागाहून झालेले आहे.

भुतांचा आपला शब्दसंग्रहही पाहण्यासारखा आहे. मुंजा, समंध, हडळ, अलवंतीण, खवीस, चकवा, हाकामारी, आणि गोव्या-कोकणातील देवचार. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) किंवा एन्थोवेनने एकत्र केलेली कोकणातील लोकसमजुतींची टिपणे (१९१५) चाळली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. यांतील बहुतेक भुते दुष्ट म्हणून भूत झालेली नाहीत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच मेला असा मुलगा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली स्त्री. समंध म्हणजे पुरलेल्या धनात किंवा न झालेल्या वारसात जीव अडकलेला ब्राह्मण. माझ्या पेशाच्या भाषेत बोलावयाचे तर ही सारी निकालात न निघालेली प्रकरणे होत. समाजाने ज्यांचा हिशेब पुरा केला नाही ते पिंपळावर जाऊन बसले. इंग्रजी भयकथेतील पिशाच बहुधा कोणी शापित सरदार असतो, आपले भूत आपल्याच घरातले असते. घरातून बाहेर काढलेले, वेशीबाहेर नेऊन बसवलेले, आणि परत यावयाची वाट पाहणारे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कादंबरी सुरू झाली तेव्हा मात्र या घरच्या भुतांकडे कोणी पाहिले नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांत अद्भुताची रेलचेल आहे, पण ते अद्भुत गुळगुळीत, राजपुत्रांचे आणि उद्यानांचे आहे. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत त्याचे कारणही देऊन ठेवले आहे. आपल्या लोकांच्या संसारात, त्यांच्या लग्नाच्या रीतींमुळे, कादंबरीला रंग भरावा असे काही घडतच नाही; तेव्हा अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे, असा त्यांचा आशय. वाचून मी थक्क झालो. आपल्या घरात सांगण्यासारखे काही घडत नाही, असे एक शहाणा मनुष्य १८६८ साली गंभीरपणे लिहितो!

त्याला उत्तर मिळावयास वीस-बावीस वर्षे लागली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही 'करमणूक' पत्रातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. तिला आपण सामाजिक कादंबरी म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण या वेळी, भयकथांच्या राशीतून उठून, मी ती पुन्हा हाती घेतली तेव्हा मला ती मराठीतील पहिली खरी भयकादंबरी वाटली. विधवा यमूचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढले जातात, तो प्रसंग आठवावा. घर तेच, माणसे ओळखीची, दिवसाउजेडी चाललेले कार्य, आणि त्या मुलीला सुटण्यास दार नाही. शंकरमामंजींसारखा पुरुष कोणत्याही खविसाहून अधिक भीतिदायक आहे. खविसाला निदान उजाडताच जावे लागते. हरिभाऊंनी भूत आणले नाही. ज्या घरातून भुते निर्माण होत त्या घराचे दार त्यांनी उघडून दाखविले. मराठी भीतीचा पत्ता वेशीवरून माजघरात आला तो येथे, असे माझे मत आहे.

हा धागा पुढे लगेच कोणी उचलला नाही. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची चटकदार रूपांतरे केली. भुयारे, गुप्त दरवाजे, मूर्च्छा यांचा सुकाळ झाला. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात आपल्या कादंबरीचा झाडा घेतला, आणि अद्भुत व वास्तविक अशी तिची विभागणी केली. हेच राजवाडे पुढे १९२२ साली शहाजीराजांच्या बंगळूर दरबारात रचलेला 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध करते झाले, म्हणून आम्हां बंगळूरकरांस ते विशेष जवळचे. पण त्या विभागणीचा परिणाम असा झाला की, पुढच्या समीक्षकांनी वास्तवाला शाळा दिली आणि अद्भुताला रस्त्यावर सोडले. रस्त्यावर त्याचे पोषण चांगले झाले, हा भाग वेगळा. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, आणि १९४६ साली 'हंस' सुरू करणारे अनंत अंतरकर यांच्या 'नवल' मासिकातील अद्भुत व गूढ कथा यांवर एक पिढी वाढली. माझ्या वडिलांच्या पिढीने 'नवल' अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. लपवावे लागले, यातच त्याची वाङ्मयीन जात ठरली होती.

आता त्या कपाटातील मुख्य रहिवाशाकडे वळतो.

नारायण धारप (१९२५–२००८) पुण्याचे. कथा-कादंबऱ्या मिळून त्यांचे लेखन इतके विपुल की, ते सारे वाचल्याचा दावा मी करीत नाही. या खेपेस एकंदर अकरा पुस्तके वाचली. त्यांच्याविषयी दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, की ते उसने आहे. दुसरा, की ते अंधश्रद्धा वाढविते.

उसनवारीचा आक्षेप खोटा नाही. 'लुचाई' ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि 'शपथ' ही त्याच्याच १९८६ सालच्या 'इट'वर. दोन्ही जोड्या समोरासमोर ठेवून वाचाव्या असे मी ठरविले, आणि 'लुचाई'च्या बाबतीत ते तडीसही नेले. किंगच्या गावात दुष्टाचा शिरकाव होतो त्यास तोंड द्यावयाला क्रूस आहे, पाद्री आहे, शेकडो वर्षांची ख्रिस्ती सामग्री आहे. मराठी गावात यांतील काहीच चालणार नाही. तेव्हा रूपांतरकाराला प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते की, आपल्या माणसाचा आधार कोणता? धारप हा प्रश्न टाळीत नाहीत. त्यांचे उत्तर सर्वत्र पटते असे नव्हे. कित्येक ठिकाणी मूळचा अमेरिकन सांगाडा मराठी धोतरातून बाहेर डोकावतो, आणि गावातले संबंध मराठी गावाला शोभतील इतके गुंतागुंतीचे होत नाहीत. ज्या गावात कोणाची कोणाशी भाऊबंदकी नाही ते गाव महाराष्ट्रातले कसे मानावे? परंतु घरोघर रात्री एकेक मनुष्य कमी होत जातो आणि शेजारी सकाळी त्याविषयी न बोलता आपापल्या कामाला लागतात, हा भाग धारपांच्या साध्या, घरगुती, किंचित कोरड्या मराठीत जसा अंगावर येतो तसा मला मुळात आला नाही. तो माझ्या भाषेचा परिणाम असेल. असेना का! मनुष्य परकीय भाषेत विचार करू शकतो, नोकरी करू शकतो, भांडूही शकतो. पण रात्री दचकून उठतो तेव्हा तोंडून 'आई गं' हेच निघते.

शिवाय उसनवारीचा गुन्हा एकट्या धारपांच्या माथी का? आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या नाटकाची 'ती फुलराणी' केली. त्यांस आपण रूपांतर म्हणून नावाजतो. शेक्सपिअरकडून घेतले तर ऋण आणि किंगकडून घेतले तर चोरी, हा न्याय मला समजत नाही. मूळ कर्त्याचे नाव ठळक छापावे, एवढाच नियम दोन्हीकडे सारखा लावावा.

धारपांचे स्वतःचे असे जे आहे ते मला 'समर्थ' या मालिकेत अधिक दिसले. समर्थ हा अमानुष शक्तींशी झुंजणारा, पण मांत्रिक नसलेला मनुष्य. त्याचे सामर्थ्य मनाच्या शिस्तीचे आहे. इंग्रजीत अल्जरनन ब्लॅकवुडने १९०८ साली जॉन सायलेन्स नावाचा असाच एक वैद्य उभा केला होता. त्याची आठवण होते. पण नावापासूनच समर्थ आपला आहे. आणि जे दुष्ट त्याच्यासमोर येते ते पिंपळावरचे नसून, अमेरिकेतील लव्हक्राफ्टच्या कथांत असते तसे, विश्वाच्या कोठल्या तरी बाहेरच्या मितीतून फटीतून आत डोकावणारे असते. येथे मला धारपांची मर्यादाही जाणवली. बाहेरून येणाऱ्या संकटाचे वर्णन ते उत्तम करतात. पण माणूस स्वतःच त्या संकटाला दार का उघडतो, हे सांगावयाची वेळ येते तेव्हा घाई करतात. शेवटच्या वीस पानांत सारे आवरते घेतले जाते. अकरांपैकी निदान सहा पुस्तकांत मला हा अनुभव आला.

अंधश्रद्धेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याची माझी तयारी नाही. ज्या पुण्यात बसून धारपांनी लिहिले त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा सकाळी फिरावयास गेले असता खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर कायदा झाला. कर्नाटकानेही २०१७ साली तशा आशयाचा कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कृत्य आहे ते भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला मारहाण करणे, बांधून ठेवणे, हे. म्हणजे आपल्याकडे भूत हा केवळ करमणुकीचा विषय नाही; त्याच्या नावाने जिवंत माणसांचे, विशेषतः बायकांचे, हाल होतात. मग भूतकथा आवडीने वाचणाऱ्याने स्वतःला काय सांगावे?

या प्रश्नाशी मी बरेच दिवस अडून होतो. मला जे सुचले ते आगरकरांवरून. आमच्या इकडचा सर्वांत कडवा बुद्धिवादी कोण, तर आगरकर. आणि त्यांनी रूपांतरासाठी निवडलेले नाटक कोणते, तर ज्याच्या पहिल्याच अंकात खून झालेल्या राजाचे भूत तटावर येऊन उभे राहते ते! आगरकरांस ते भूत खटकले नाही, कारण रंगभूमीवरचे भूत कोणाकडून कोंबडा मागत नाही. कथेतले भूत आपण विश्वास ठेवीत नसतानाही भिववते. मांत्रिकाचे भूत विश्वास असल्याखेरीज दक्षिणा मिळवू शकत नाही. म्हणून भयकथेची परीक्षा मी आता अशी करतो की, पुस्तक संपल्यावर ते वाचकाला मांत्रिकाच्या दारी पाठविते की स्वतःच्या घराकडे पुन्हा पाहावयास लावते? या परीक्षेत धारपांच्या काही कथा उतरतात, काही नापास होतात. ज्या कथांत अंगारे-धुपारे केवळ सामग्री म्हणून न येता प्रमाण म्हणून येतात, त्या मी मुलांच्या हाती देणार नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात. बँकेतली नोकरी सांभाळून ते लिहू लागले, याचे मला साहजिकच कौतुक आहे. आपल्या कथांना ते भयकथा न म्हणता गूढकथा म्हणत, आणि त्या भेदाविषयी आग्रही असत. 'खेकडा', 'गहिरे पाणी', 'मध्यरात्रीचे पडघम' हे संग्रह ओळीने वाचले. येथे वाडा नाही, वड-पिंपळ नाही. मुंबईची दोन खोल्यांची जागा, लोकलची वेळ, शेजारणीचे बोलणे, आणि या साऱ्याच्या पोटात कोणाची तरी दडपलेली इच्छा. हरिभाऊंनी ज्या माजघराचे दार उघडले त्याच घरात मतकरी शंभर वर्षांनी, भाडे भरून, राहावयास आले, असे म्हटले तरी चालेल. दोष दाखवावयाचा तर शेवटच्या ओळीतील धक्क्याची त्यांना सवय जडलेली आहे. एकामागून एक दहा कथा वाचल्या की, वाचक अकरावीचा शेवट हेरू लागतो. दिवसाला एक, याप्रमाणे वाचाव्या.

आता काचेच्या कपाटाकडे. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या 'रात्र काळी घागर काळी' (१९६२) आणि 'कोंडुरा' (१९६६) या कादंबऱ्या 'कादंबरी' या चिठ्ठीखाली मानाने उभ्या आहेत. 'कोंडुऱ्या'त एका माणसाला अमानुष शक्तीचा साक्षात्कार होतो, सामर्थ्य मिळते, आणि ते सामर्थ्यच त्याचा नाश ओढवते. हा विषय भयकथेचा नव्हे तर कशाचा? तीच गोष्ट जी. ए. कुलकर्णींची (१९२३–१९८७). येथून काही तासांच्या अंतरावरील धारवाडात इंग्रजी शिकवीत त्यांनी आयुष्य काढले. 'काजळमाया'ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परतही केला. 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घ कथा मी या खेपेस रात्री वाचल्या, आणि धारपांच्या अकरा पुस्तकांत जी भीती मला वाटली नाही ती तेथे वाटली. म्हणजे वाटणी सर्वस्वी चुकीची आहे असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. जी.ए. थोर आहेतच. परंतु त्यांची थोरवी त्यांनी भीतीचा विषय टाळल्यामुळे नाही, तर तो शेवटपर्यंत सोडला नाही म्हणून आहे. धारप जेथे दुष्टाला हरवून घरी परततात तेथून जी.ए. पुढे चालू लागतात. एकाच वाटेवर दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले दोन प्रवासी. एक लवकर मुक्कामाला उतरला. त्यांना दोन निरनिराळ्या जातींचे ठरविण्याचे कारण नव्हते.

आणि गंमत अशी की, वेताळ या काचेच्या कपाटातही शिरलेला आहे, तोसुद्धा बंगळूरच्या वाटेने. वेताळाच्या कथांत एका स्त्रीने नवरा आणि दुसरा पुरुष यांची मुंडकी चुकून एकमेकांच्या धडांवर बसविल्याची कथा आहे. ती जर्मनीच्या टॉमस मानने १९४० साली आपल्या लघुकादंबरीसाठी घेतली. तिच्या आधारे गिरीश कार्नाडांनी कानडीत 'हयवदन' (१९७१) लिहिले. कार्नाड माथेरानला जन्मले, धारवाडला वाढले आणि २०१९ साली बंगळुरात वारले. त्या नाटकाचे मराठी भाषांतर केले ते कोणी, तर 'कोंडुरा'कार खानोलकरांनी! छत्र्यांनी १८३० साली मुलांपुढे ठेवलेला वेताळ असा काश्मीर, जर्मनी आणि कर्नाटक हिंडून मराठी रंगभूमीवर परत आला, आणि आता त्याला कोणी 'इतर' म्हणाले नाही. प्रश्न इतकाच उरतो की, जे भूत घरचे म्हणून नाकारले ते परदेशवारी करून आल्यावर मान्य होते काय?

बंगळूरचे स्वतःचे भूतही येथे सांगितले पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात या शहरात आणि आसपासच्या गावांत अशी वदंता पसरली होती की, रात्री एक चेटकीण दारावर येते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि जो दार उघडील तो मरतो. उपाय म्हणून लोकांनी दारांवर 'नाळे बा' असे लिहिले, म्हणजे 'उद्या ये'. चेटकीण ते वाचून परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते. कचेरीतल्या एका कानडी सहकाऱ्यांनी मला हे लहानपणची आठवण म्हणून सांगितले, तेव्हा मी म्हणालो, भुताला 'उद्या या' सांगून वाटेस लावण्याची युक्ती ज्याला सुचली तो नक्की आपल्यापैकीच कोणी असला पाहिजे. ते हसले, पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, आमच्या दारावर ती अक्षरे दोन वर्षे होती.

ही 'नाळे बा' म्हणजे आपली हाकामारीच. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे आमच्या आजीने आम्हाला बजावले होते ते तिच्यामुळे. अलीकडच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांनी 'हाकामारी' याच नावाचे पुस्तक लिहिले आहे. त्यांचे 'अंधारवारी' आणि 'घनगर्द' हेही मी या निमित्ताने वाचले. धारपांना त्यांनी पचविले आहे, पण त्यांचे गाव खरे गाव आहे, तेथे भाऊबंदकी आहे, लोभ आहे, वासना आहे. दार आतून का उघडले जाते याची त्यांना घाई नाही. वर्णनाचा सोस थोडा आवरला तर बरे, एवढेच मी म्हणेन.

२०१८ सालच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची हकीकतही याच संदर्भात नोंदण्याजोगी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचे बीज मिळाले ते मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या कथेत. आणि नाव मिळाले ते श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून. म्हणजे एक वस्तू 'इतर' कपाटातली, दुसरी 'कादंबरी' कपाटातली. २०२४ साली तो चित्रपट पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. बंगळुरात तो पाहावयास आलेल्या तरुणांपैकी धारप किंवा पेंडसे ही नावे कितींच्या कानांवरून गेली असतील?

माझ्या घरातली गोष्ट सांगून हे लांबलेले लिखाण पुरे करतो. थोरली मुलगी नऊ वर्षांची आहे. मराठी बोलते, वाचताना अडखळते. एका रविवारी तिला मुंज्याची एक जुनी गोष्ट मी चांगली रंगवून सांगितली. पिंपळ, पार, दिवेलागण, सारे साग्रसंगीत झाले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, पण मुंज म्हणजे काय?" आमच्याकडे मुलगा नाही, इकडे कोणाच्या मुंजीला तिला नेल्याचे आठवत नाही. मुंज, सोडमुंज, पार, समंध हे एकेक समजावून देईपर्यंत मुंजा पार थंड झाला. बदलीच्या माणसाला वाडा नसतो, पुरलेले धन नसते, तेव्हा समंधही नसतो. आमच्या सरकारी वसाहतीत तर पिंपळही नाही. पुढच्या आठवड्यात तिने शाळेतून येऊन आईला 'नाळे बा'ची गोष्ट सांगितली. ती तिला मैत्रिणीने सांगितली होती, कानडीत. त्या रात्री तिने दिवा घालवू दिला नाही.

'लुचाई' आणि 'रमलखुणा' ही दोन्ही पुस्तके परवाच्या रविवारी परत केली. नोंदवहीत दोन्ही एकाखाली एक लिहिली गेली, आणि ग्रंथपालांनी ती हातात घेऊन नेहमीप्रमाणे दोन दिशांना नेली. मी मतकऱ्यांचे 'निजधाम' मागितले. ते 'कथा'त आहे की 'इतर'मध्ये, हे त्यांनाही चटकन सांगता येईना. अखेर ते दोन्हीकडे नाही, कोणी तरी नेलेले आहे, असे नोंदवहीवरून निघाले.